नग चौदा

“दवाखाना मेला काय?” हिरू दारसिंबेनं मला विचारलं.

तो आपल्या ओसरीत बसून सागाच्या फळीवर पटाशी चालवत होता आणि मी त्याच्यापुढे कागद धरून उभा होतो. कागदावर लिहिलं होतं : ‘कोरकू काष्ठशिल्प, मुंडा पद्धतीचे, नग चौदा. ग्रामीण रुग्णालय, बोरीखेडा, दर्शनी भिंत.’ खाली सही, सहीखाली शिक्का. सरकारी कागदाला असा उलटा प्रश्न कोणी विचारलेला मी ऐकला नव्हता.

“मरन कायले? नवा कोरा हाय. भिंतीचा रंगबी वाळला नाही अजून.”

“मंग मुंडा कोनाचा करू? नाव सांग.”

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो. परतवाड्याच्या भैयासाहेब निंभोरकर ठेकेदारांकडे सुपरवायझर. रागानं माझ्या नाकावर कायमचं बिऱ्हाड केलं होतं आणि माझा हात जिभेच्या आधी चालायचा. मजूर मला तोंडावर काळमेघसाहेब म्हणत. पाठीमागे काय म्हणत तेही मला माहीत होतं, आणि खरं सांगतो, मला त्याचा अभिमान वाटायचा.

“नाव-बिव काही नाही. शोभेसाठी पाह्यजे. मुंबईच्या मॅडमले आवडले.”

हिरूनं पटाशी खाली ठेवली. साठीचा माणूस, काटक, बोटं मात्र तरण्या गड्याची. शाळेत न गेलेल्या पोराला समजवावं तसं त्यानं मला समजावलं.

“बाबू, आमच्यात मानूस मेला का लगेच जात नाही. घरातच फिरते. त्याच्या नावाचा मुंडा कोरून आंब्याखाली गाडला का तो तथी बसते. मंग घर मोकळं. जथी मुंडा, तथी मेलेला. आता माह्या सुखरामचंच पाह्य. लाकडाच्या ट्रकखाली गेला. चार वर्षं घरात फिरला. त्याची माय रातभर जागी राहे. गेल्या थंडीत जेवन घातलं, मुंडा गाडला. आता ते निजते.”

“त्याचा मुंडा तूच कोरला?”

“मंग काय तुह्या मॅडमनं?” तो हसला. “घोड्यावर बसवला त्याले. गळ्यात ढोलकी देल्ली. जित्तेपनी बैलगाडीतबी नीट बसता येत नव्हतं लेकाले.”

दवाखान्यासाठी दाराची चौकट करून देतो, असं तो आपण होऊन म्हणाला. मोर काढतो, ज्वारीची कणसं काढतो, चांद-सूर्य काढतो. पण मुंडा नाही. मी तो निरोप घेऊन साइटवर आलो.

मॅडम दुसऱ्या दिवशी आल्या. सरोज दिघे त्यांचं नाव, दवाखान्याच्या सजावटीचं काम त्यांच्याकडे. बोलायला गोड, आदिवासींवर मनापासून माया. हिरूच्या गावच्या, आंबादरीच्या आंब्याखालचे फोटो त्यांनी स्वतः काढले होते आणि फोटोत मुंड्यांच्या मोजून चौदा पाट्या होत्या, म्हणूनच कागदावर नग चौदा आले होते.

“मोर काय, लग्नपत्रिकेवरही असतात,” त्या म्हणाल्या. “मला हे घोडेस्वार हवेत. आत येणाऱ्या कोरकू बाईला वाटलं पाहिजे, ही इमारत माझी आहे. रविवारपर्यंत होईल ना?”

रविवारी उद्घाटन होतं. मंत्री येणार होते. भैयासाहेब म्हणाले, “होईन ना मॅडम, नाही कायले?” आणि मॅडमची जीप गेल्यावर माझ्या खांद्यावर हात टाकून मला खडीच्या ढिगामागे नेलं.

“काळमेघ, झाडाखाली चौदा उभेच हायेत म्हन्तात ना?”

“हायेत.”

“मंग?”

पुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आमचा धंदा असाच चालायचा.

गुरुवारी बोरीखेड्याचा बाजार. आंबादरी त्या दिवशी ओस पडते, हे मला ठाऊक होतं. भर दुपारी ट्रॅक्टर, सहा मजूर आणि दोघांनी ओढायची मोठी करवत घेऊन मी आंब्याखाली उभा राहिलो. पाट्या हातभर जमिनीत गाडलेल्या. उपटत बसायला वेळ नव्हता, म्हणून जमिनीलगत कापायला सांगितलं. वामन मिस्त्री करवतीला हात लावीना.

“साहेब, मेलेल्याइचे हायेत हे.”

मी वामनच्या कानाखाली ठेवून दिली. माझ्या बापाच्या वयाचा माणूस. गाल धरून तो करवतीपाशी बसला आणि काम सुरू झालं.

जुन्या पाट्या पटापट गेल्या. लाकूड वाळून करडं झालेलं, घोड्यांची तोंडं पावसानं झिजलेली. एकेक पाटी कलायची आणि आडवी व्हायची, आणि मी मोजायचो. तेरा झाल्या. चौदावी अजून पिवळीधम्मक होती. तिच्यावरच्या स्वाराच्या गळ्यात ढोलकी होती. हिरूच्या पोराची पाटी. ती पाहून मी क्षणभर थांबलो, हे मला आजही आठवतं. थांबलो आणि म्हणालो, “लाव करवत.”

तेवढ्यात मोहाच्या झाडांकडून एक बाई धावत आली. अंगावर लुगडं आणि हातात विळा. सुखरामची बायको, रामकली. पोराला ताप होता म्हणून ती बाजाराला गेली नव्हती. तिनं विळा कोणावर उगारला नाही. तो फेकून दिला आणि पाटीला दोन्ही हातांनी मिठी मारली. करवत चालूच होती. तिनं पाय आडवा घातला. करवतीचा दात पोटरीला लागला, रक्त आलं, तरी ती हलेना. मग मी तिचा अंबाडा धरला, मागे ओढली आणि फेकली. ती कापलेल्या खुंटावर तोंडावर पडली. ओठ फाटला. तोंडातलं रक्त पुसत ती बसून राहिली आणि चौदावी पाटी आडवी होताना तिनं पाहिलं.

“बायामानसाले मारता साहेब?” वामन हळूच म्हणाला.

“गप. गाडीत भर.”

शुक्रवारी दिवसभर मी त्या पाट्या दर्शनी भिंतीवर बसवल्या. सागवान चोरीला जातं, म्हणून काम पक्कं केलं. भिंतीतून आरपार बोल्ट, मागे पत्रा, दोन्हीकडून नट, नटावर वेल्डिंग, आणि भोकांत सिमेंट ठासलेलं. संध्याकाळी भैयासाहेबांनी लांबून पाहिलं आणि म्हणाले, “हे काम शंभर वर्षं हालत नाही.” मला फार बरं वाटलं.

आंबादरीहून कोणी आलं नाही. शुक्रवारी नाही, शुक्रवारच्या रात्री नाही. “भेले लेकाचे,” मी वामनला म्हणालो. नंतर मला कळलं की ते भ्याले नव्हते. चौदा पाट्यांची चौदा घरं, त्यातली काही घाटाखाली कामाला गेलेली, काही दुसऱ्या गावी दिलेल्या लेकी. ज्याची पाटी त्याचं माणूस यायला हवं होतं. त्यांना बोलावून आणायला दीड दिवस लागला.

शनिवारी सकाळी नऊच्या सुमारास ते आले. साठ-सत्तर माणसं. पुढे हिरू, मागे बाप्ये, त्यांच्यामागे बाया. प्रत्येक घराच्या एकाच्या खांद्यावर कुऱ्हाड. आरडाओरडा नाही, शिव्या नाहीत. माझे मजूर मागच्या कुंपणावरून उड्या टाकून पळाले. वामनही गेला. मी पोर्चमध्ये पहार घेऊन एकटा उभा राहिलो. पाय हलवले नाहीत. मजुरांवर हात टाकणारा पळाला तर उद्या त्याला कोण विचारतं?

हिरू सरळ माझ्यापुढे आला.

“काढून दे, बाबू.”

“निंघत नाही आता.”

“कसा निंघत नाही?”

त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली आणि सुखरामच्या पाटीपाशी गेला. नटावरून अंगठा फिरवला. वेल्डिंगचा गोळा चाचपला. पाटीच्या कडेत नख घालून सिमेंट पाहिलं. कारागीर होता, त्याला सांगावं लागलं नाही. तरी त्यानं विचारलं.

“मागून?”

“मागूनबी तसंच हाय. भिंत फोडा लागन.”

“फोड.”

“उद्या मंत्री येते बुढ्या! तुह्या बापाची भिंत हाय का?”

“पाया पडतो,” हिरू म्हणाला आणि खरंच वाकला. साठ वर्षांचा माणूस सगळ्या गावासमोर माझ्या बुटांना हात लावत होता. “बाकीचे मंग पाहू. पोट्ट्याचा तेवढा काढून दे. चार वर्षं फिरला तो, बाबू. आताच कुठी बसला होता.”

मी बूट मागे घेतला. “निंघत नाही म्हनलं ना? घरी जाय.”

तो उठला. मागे वळून आपल्या माणसांना कोरकूत काहीतरी बोलला. चार-पाच वाक्यं असतील. त्याबरोबर बायांमधून जो आवाज उठला, तो मी त्याआधी फक्त तिरडी उचलतानाच ऐकला होता. हिरूनं कुऱ्हाड उचलली. पाटीपुढे गेला. त्या पिवळ्या लाकडाला कपाळ टेकवलं, आणि एक पाऊल मागे येऊन कुऱ्हाड घातली.

पहिला घाव स्वाराच्या तोंडावर बसला. दुसरा ढोलकीवर. ढलप्या माझ्या पायाशी येऊन पडल्या. मला एवढंच दिसलं की माझं शंभर वर्षांचं काम हा म्हातारा फोडतोय आणि उद्या सकाळी मंत्री येतोय. तिसऱ्या घावासाठी त्याचा हात वर गेला आणि मी पहार फिरवली.

ती त्याच्या उजव्या मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज फार मोठा नसतो. वाळकी फांदी पायाखाली यावी तेवढाच असतो. कुऱ्हाड फरशीवर पडली, फरशीचा टवका उडाला. हिरू खाली बसला. हात मांडीवर घेऊन पाहत राहिला. हात मनगटापाशी भलतीकडेच वळला होता आणि बोटं हलत नव्हती. पटाशी धरायची बोटं.

मी पाठ भिंतीला लावली आणि पहार छातीशी धरली. सत्तर माणसं, चौदा कुऱ्हाडी. आपलं संपलं, असं मी समजलो.

कोणी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

रामकली पुढे आली. ओठ सुजलेला, पोटरीला चिंधी बांधलेली. सासऱ्याची कुऱ्हाड तिनं उचलली आणि नवऱ्याच्या पाटीवर घातली. एक, दोन, पाच, दहा. घोडा गेला, चांद गेला, सूर्य गेला. बोल्टाभोवती लाकडाच्या चार चिरफळ्या उरल्या, तेव्हा ती बाजूला झाली. हिरूनं बसल्या जागेवरून एका मेलेल्याचं नाव घेतलं, “मोतीराम.” एक तरणा गडी पुढे आला आणि दुसऱ्या पाटीपुढे उभा राहिला. कपाळ टेकवलं. घाव घातला. मग “बुधाय.” मग “जंगली.” मग आणखी एक नाव. प्रत्येक नावाला एक माणूस पुढे यायचं आणि आपलीच पाटी फोडायचं. दुसऱ्याच्या पाटीला कोणी हात लावत नव्हतं. एक ऐंशीची म्हातारी आली, तिला कुऱ्हाड उचलेना. तिसऱ्या घावाला ती पडली. नातू धरायला गेला तर त्याला ढकलून पुन्हा उठली आणि पाटीला घाव घालता घालता त्याच पाटीशी बोलत राहिली. मला कोरकू येत नाही. पण नवऱ्याशी भांडणारी बाई कुठल्याही भाषेत कळते.

मी पहार धरून उभाच होतो. मला मारलं असतं तर बरं झालं असतं, असं तेव्हाही वाटलं. माणसं चवताळून मारतात हे मला कळायचं. हे काय चाललंय ते कळत नव्हतं. रागानं वेडे झालेत, आपलंच घर पेटवून देतायत, एवढाच अर्थ मी लावला.

शेवटची पाटी फुटता फुटता भैयासाहेब पोलिसांची गाडी घेऊन आले. मग लाठ्या चालल्या. कुऱ्हाडी आधीच खाली ठेवलेल्या होत्या, तरी चालल्या. म्हातारीचं डोकं फुटलं. मोतीरामच्या लेकाला दोघांनी धरून तिसऱ्यानं बडवला. हिरूला एका शिपायानं त्याच मोडक्या हाताला धरून गाडीत ओढला. तेव्हा तो ओरडला. त्या सगळ्या सकाळीत तो एकदाच ओरडला.

“हात कसा मोडला?” फौजदारानं मला विचारलं. भैयासाहेब शेजारी उभे होते.

“कुऱ्हाड मारताना तोल गेला. फरशीवर पडला.”

“सही कर.”

मी सही केली.

रविवारी मांडववाल्याचं लाल मखमली कापड दर्शनी भिंतीवर ताणून लावलं आणि मंत्र्यांनी त्याच्यापुढे उभं राहून फीत कापली. आदिवासींच्या कलेवर ते दहा मिनिटं बोलले. मॅडमनी नंतर कापडाचं टोक उचलून पाहिलं. “कोणी केलं हे?” त्यांनी मला विचारलं. “त्यांनीच, मॅडम,” मी म्हणालो. ते खोटं नव्हतं. त्यांनी डोळे पुसले आणि त्या गाडीत जाऊन बसल्या. आंबादरीला मात्र त्या गेल्या नाहीत. पुढे चिरफळ्या काढून, बोल्ट छाटून आम्ही भिंतीला गिलावा केला.

पंधरा-वीस दिवसांनी मी तिथंच गटाराचं उरलेलं काम करत होतो. दवाखाना सुरू झाला होता. रोज सकाळी जंगलातून बाया यायच्या, काखेत हाडकुळी पोरं, आणि पोर्चमध्ये त्या गिलाव्याच्या भिंतीला टेकून बसायच्या. एक दिवस त्यांच्यात रामकली दिसली. मांडीवर पोरगा तापानं निपचित पडला होता. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

“तुम्ही याच दवाखान्यात येता?” शेवटी मी म्हणालो.

“मंग कुठी जाऊ? दुसरा हाय का?”

“नाही म्हनजे... इतकं झालं. भेव नाही वाटत?”

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

“आता कायचं भेव? आता कोनी नाही ना तथी.” तिनं मानेनं भिंत दाखवली. “मुंडे राह्यले असते तर चौदा मेलेले इथीच बसले असते. दारात. लेकरू घेऊन बाई आली का तिच्या लेकराले धरलं असतं. त्याइचा काय दोष? मेलेल्याले जित्तं लेकरू गोड वाटते. बाबा तुह्या पाया पडला, तू काढून नाही देल्ले. मंग बाबा सगळ्याइले म्हने, आपले मेलेले आपन उठवू. लोकाइची लेकरं मराले नको.”

तिनं पोराच्या अंगावर पदर ओढला.

“पोटचा पोरगा उठवला त्यानं,” रामकली म्हणाली. “तू त्याचा हात मोडला.”

आतून नंबर पुकारला गेला. ती पोराला घेऊन उठली.

“मंग ते आता कुठी हायेत?” मी मागून विचारलं.

“कुठी राहतीन? घरी.”

मला लाज वाटली. त्याआधी कधी वाटली होती का ते आठवत नाही, पण त्या दिवशी पोर्चमध्ये सगळ्यांदेखत वाटली आणि कुठं तोंड लपवावं ते कळेना. दुसऱ्या दिवशी दुपारी मी आंबादरीला गेलो. भैयासाहेबांना सांगितलं नाही. वाटेत आंबा लागला. त्याच्याखाली चौदा खुंट होते.

हिरू जामिनावर सुटून आला होता. ओसरीत बसला होता. हात वेडावाकडा जुळलेला, बोटं आत वळलेली. पटाशा भिंतीशी पडून होत्या आणि त्यांच्यावर कोंबडी बसली होती. मला पाहून सुखरामची माय आतून आली आणि माझ्या पायापुढे थुंकली. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं.

“नवा मुंडा...” मी म्हणालो. “दुसऱ्या गावचा कोनी कारागीर असंन तर मी त्याले आनतो. लाकूडबी आनतो.”

“दुसरा कोनी नाही,” हिरू म्हणाला. “मीच होतो.”

मी खाली मान घातली. “दादा, माफी...”

“माफी-बिफी इथं नको सांगू. ते तुमच्या देवाले सांग.” तो डाव्या हाताचा टेका देऊन उठला. “आला ना? मंग जेवून जाय.”

मी नको म्हणालो. त्यानं ऐकलं नाही. सुखरामच्या मायनं आत तीन पत्रावळी मांडल्या. कडेच्या पत्रावळीवर हिरू बसला. मला त्यानं दुसऱ्या कडेला बसवलं. मधली रामकलीची असेल असं मला वाटलं, पण ती पोराला घेऊन दारातच उभी राहिली. म्हातारीनं कुटकीचा भात आधी मधल्या पत्रावळीवर वाढला. त्यावर डाळ घातली. पाण्याचा गडवा ठेवला. मग आम्हाला वाढलं.

“त्यानं तुले पाह्यलं पाह्यजे,” हिरू मधल्या पत्रावळीकडे मान करून म्हणाला.

तो डाव्या हातानं जेवायला लागला. घास धड तोंडाशी जात नव्हता, शितं मांडीवर सांडत होती. म्हातारी माझ्याकडे पाहत होती. मी घास उचलला, तोपर्यंत हिरूचा हात थांबला होता. तो माझ्या गुडघ्याकडे पाहत होता.

“सरक जरा,” तो म्हणाला. “त्याले मांडी घालाले जागा होत नाही.”

मी सरकलो.